बोनमॅरो सांगितली, म्हणजे कॅन्सरच का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. पुलाच्या कामावर सुपरवायझर म्हणून तो जवळपास वर्षभर उत्तर बिहारमध्ये राहिला. परत आला आणि ताप सुरू झाला. आधी टायफॉइड म्हणून औषधं झाली, मग मलेरियाच्या तपासण्या झाल्या, त्या निगेटिव्ह आल्या. दोन महिने होत आले. ताप येतो-जातो, वजन अकरा किलोंनी उतरलंय, पोटात डाव्या बाजूला जड लागतं. हिमोग्लोबिन ७.८, पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट्स ६८ हजार. डॉक्टरांना काळ्या आजाराचा संशय आला म्हणून बोटातून रक्त घेऊन पट्टीची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. आता ते बोनमॅरो करायला सांगतायत. काका म्हणतात, ही तपासणी ब्लड कॅन्सरलाच करतात, डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत एवढंच. वडिलांना वाटतं, मणक्यात सुई घालून पोरगा कायमचा लुळा होईल. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सुचवलं की मॅरोच्या भानगडीत पडू नका, टीबीची गोळी आणि थोडं स्टेरॉइड सुरू करून बघू. एचआयव्हीची तपासणीही लिहून दिली आहे, त्यावरून घरात वेगळाच वाद. भावाला यातलं काही सांगितलेलं नाही, त्याला साधी रक्ततपासणी वाटतेय. पट्टी निगेटिव्ह असताना मॅरो हवी का? केली आणि काही सापडलं नाही, तर आजार नाही असं धरायचं का? भावाला न सांगता उरकली तर चालेल का? आणि त्या वेळी मला त्याच्याजवळ थांबू देतील का?
— एक मोठी बहीण

ताई,

तुमचे काका अर्धे बरोबर आहेत. ब्लड कॅन्सरच्या निदानासाठी बोनमॅरो करतात हे खरंच. चुकतं ते पुढचं: मॅरो सांगितली म्हणजे कॅन्सरच, आणि डॉक्टर लपवतायत. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांकडे बघा. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स, तिन्ही एकदम खाली आल्या आहेत. या तिन्ही तयार होतात त्या हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत, म्हणजेच बोनमॅरोत. मग प्रश्न असा पडतो की तिथे उत्पादनच मंदावलंय, की पेशी नीट तयार होतायत पण वाढलेली प्लीहा त्या अडवून ठेवतेय? बाहेरच्या रक्तावरून याचं उत्तर पुरतं मिळत नाही. बी-१२ ची तीव्र कमतरता, मज्जेत पसरलेला टीबी, एखाद्या औषधाचा परिणाम, मज्जाच सुकत जाण्याचा आजार, ल्युकेमिया (ब्लड कॅन्सर), लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आणि काळा आजार, यांतल्या कशानेही असा रिपोर्ट येऊ शकतो. यादीत कॅन्सर आहे. तो नाहीच, असं मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण तो यादीतलं एक नाव आहे, आणि बाकीच्यांपैकी बरीच नावं औषधाने पूर्ण बरी होणारी आहेत.

डॉक्टरांनी काळा आजार पुढे का आणला, हेही समजून घ्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त लांबलेला ताप, डावीकडे जड लागणारं पोट (तिथेच प्लीहा असते), उतरत चाललेलं वजन, खाली आलेल्या पेशी आणि उत्तर बिहारमधला मुक्काम. हे पाच मुद्दे एका कागदावर एकत्र आले की हे नाव सुचायलाच हवं. लिशमॅनिया नावाच्या परजीवीमुळे हा आजार होतो आणि तो पसरवते वालुमाशी, डासाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी, आवाज न करणारी. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांत ती दिवसा दडून बसते आणि संध्याकाळनंतर चावते. आपल्या देशात हा आजार मुख्यतः बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातल्या ५४ जिल्ह्यांत आहे, त्यातले ३३ एकट्या बिहारमधले. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा दोन ते सहा महिने जातात, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे ‘तिथे असताना तर तो ठणठणीत होता’ या वाक्याला इथे फारसं वजन नाही.

आधी टायफॉइडचे उपचार झाले म्हणून पहिल्या डॉक्टरांवर रागावू नका. १९९२ साली देशात काळ्या आजाराचे ७७ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते, अलीकडच्या वर्षांत ही संख्या हजाराच्या आत आली आहे. शेजारच्या बांगलादेशाने तर २०२३ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून या आजाराचं उच्चाटन केल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळवली. बातमी आनंदाची आहे, पण तिची एक किंमत असते. आजार दुर्मीळ झाला की तो पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. ज्या डॉक्टरांनी ‘गेल्या वर्षभरात कुठे राहत होता?’ असं विचारलं, त्यांनी अर्धं काम केलंय असं मी मानते. उपचार झाले नाहीत तर शंभरातले पंच्याण्णवांहून जास्त रुग्ण दगावतात असा हा आजार आहे. त्यामुळे संशय आल्यावर तो अर्ध्यावर सोडून देता येत नाही.

आता पट्टी. तिला आरके-३९ म्हणतात. बोटातल्या थेंबभर रक्तावर दहा-पंधरा मिनिटांत निकाल देणारी ही सोय खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांसाठी वरदान ठरली. भारतीय उपखंडात ती शंभरातल्या सुमारे ९७ रुग्णांना बरोबर पकडते. (पूर्व आफ्रिकेत तीच पट्टी इतकी चांगली चालत नाही, तिथे हा आकडा ८५ च्या आसपास आहे.) म्हणून तुमच्याशी प्रामाणिकपणे बोलायचं तर, पट्टी निगेटिव्ह आल्यामुळे काळ्या आजाराची शक्यता बरीच कमी झाली आहे. कमी झाली, संपलेली नाही. पट्टी परजीवीला पाहत नाही, परजीवीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं पाहते. प्रतिकारशक्तीच खचलेली असेल तर प्रतिद्रव्यं पुरेशी तयार होत नाहीत आणि आजार असूनही पट्टीवर रेघ उमटत नाही.

इथे तुमचा पहिला प्रश्न मी थोडा फिरवते. ‘पट्टी निगेटिव्ह असताना मॅरो हवी का?’ असं तुम्ही विचारता, जणू पट्टीने काम संपवलं आणि मॅरो ही वरची भर. प्रत्यक्षात तुमच्या भावाची मॅरो पट्टी निगेटिव्ह आल्यामुळेच जास्त गरजेची झाली आहे. काळा आजार असेल तर तो पकडायला, आणि नसेल तर पेशी का घसरतायत हे शोधायला. एकाच सुईत दोन्ही कामं होतात. पट्टी पुन्हा करून बघणं, डीएटी नावाची दुसरी प्रतिद्रव्य-तपासणी, रक्तावरची पीसीआर (परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी), हे पर्याय आहेत आणि ते जरूर विचारा. पण त्यांच्या निकालाची वाट बघत मॅरो पुढे ढकलू नका. ७.८ हिमोग्लोबिन आणि २,१०० पांढऱ्या पेशी असलेल्या माणसाला साधा न्यूमोनियाही महागात पडू शकतो.

हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरात नेमकी उलटी परिस्थिती असेल: काळ्या आजाराच्या भागातला मुक्काम, लांबलेला ताप, वाढलेली प्लीहा आणि पट्टी पॉझिटिव्ह. पूर्वी हा आजार झालेला नसेल तर एवढ्यावर सहसा थेट उपचार सुरू करतात, मॅरो लागत नाही. तिथे कुणी मॅरो सांगितली तर ‘यातून उपचारात काय बदल होणार आहे?’ असं विचारायला संकोच करू नका. मात्र आजार पूर्वी होऊन बरा झालेला असेल आणि आता परत ताप आला असेल, तर पट्टीचा काही उपयोग नाही. बरं झाल्यावरही ती कितीतरी वर्षं पॉझिटिव्ह येत राहते. अशा वेळी परजीवी डोळ्यांनी दिसायलाच हवा, म्हणजे मॅरो किंवा प्लीहेतला नमुना आलाच.

प्लीहेचं नाव निघालंच आहे तर तेही सांगून टाकते, कारण शोधाशोध केलीत तर ‘प्लीहेची तपासणी जास्त खात्रीची’ असं तुम्हाला वाचायला मिळेल. ते खरं आहे. प्लीहेतून सुईने काढलेल्या नमुन्यात परजीवी सापडण्याचं प्रमाण शंभरात ९३ ते ९९, तर मॅरोत ते ५३ ते ८६. पण प्लीहा म्हणजे रक्ताने भरलेला मऊ अवयव. सुई काढल्यावर आत रक्तस्राव झाला तर बाहेरून दाबून थांबवता येत नाही. हजारात एखाद्या रुग्णाच्या तो जिवावर बेततो. प्लेटलेट्स ४० हजारांच्या खाली असतील तर प्लीहेत सुई घालायचीच नाही असा दंडक आहे. तुमच्या भावाच्या त्याहून वर आहेत, तरी ही तपासणी रोज करणाऱ्या हातांनी आणि रक्त चढवायची तयारी असलेल्या ठिकाणीच व्हावी. शिवाय त्याच्या बाबतीत मज्जेची अवस्था कळणं हीच अर्धी गरज आहे, आणि प्लीहा ते सांगू शकणार नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी मॅरो निवडली हे मला योग्य वाटतं.

वडिलांच्या भीतीकडे येते. ती हसण्यावारी नेऊ नका, कारण ती एका खऱ्या गोष्टीच्या गोंधळातून आली आहे. मणक्यातून पाणी काढतात ती तपासणी वेगळी. मॅरोची सुई मणक्यात जातच नाही. कमरेखाली मागच्या बाजूला दोन्हीकडे जिथे हलकी खळी दिसते, तिथे कमरेच्या हाडाचा टोकदार उंचवटा कातडीच्या लगेच खाली लागतो. सुई तिथे जाते. मज्जारज्जू त्याच्या बराच वर, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपलेला असतो. हाडातली मज्जा आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांचा एकमेकांशी संबंध नाही. या सुईने माणूस लुळा होईल अशी भीती बाळगायचं कारण नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हाला भावाला सांगता येईल. त्याला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतील, किंवा पालथं. जागा जंतुनाशकाने पुसून निर्जंतुक कापड घालतील. मग बधिरतेचं इंजेक्शन: आधी कातडीत, नंतर खोल, हाडाच्या पृष्ठभागापर्यंत. हे चुरचुरतं. दोन-तीन मिनिटं थांबून जाड सुई दाबत, थोडी वळवत हाडाच्या कडक थरातून आत नेतात. तेव्हा दुखत नाही, दाब जाणवतो. कधी कधी करकर आवाज जाणवतो आणि त्याचीच माणसाला जास्त धास्ती वाटते. सुई पोकळीत शिरली की सिरिंज जोडून झटक्यात ओढतात. ही ओढ मात्र दुखते. भूल कातडीला आणि हाडाच्या वरच्या आवरणाला बधिर करते, पोकळीच्या आत ती पोचत नाही, म्हणून त्या क्षणी मांडीपर्यंत विचित्र कळ जाते. ती काही सेकंदांची असते. ‘काही दुखत नाही हं’ असं रुग्णाला सांगणाऱ्यांचा मला राग येतो. त्या कळेने दचकून माणूस हलतो, आणि नंतर कुणाच्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. ‘आता ओढ लागेल, पाच मोजेपर्यंत’ असं आधी सांगितलं तर बहुतेक जण शांत राहतात.

पहिल्या ओढीत अगदी थोडा, अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास नमुना घेतात. जास्त ओढला तर रक्त मिसळून मज्जा पातळ होते आणि काचेवर बघण्याजोगं फार उरत नाही. कल्चर (प्रयोगशाळेत परजीवी वाढवून बघणं), पीसीआर वगैरेंसाठी त्यानंतर आणखी काही मिलिलिटर घेतात. बऱ्याचदा हाडाचा बारीक तुकडाही काढतात. एवढ्याने अंगात कायमची कमजोरी येत नाही, शरीर ते भरून काढतं. नंतर त्या जागेवर दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाब द्यायचा असतो. प्लेटलेट्स कमी आहेत म्हणून तुमच्या भावाला जरा जास्त वेळ. प्लेटलेट्स कमी असणं ही मॅरोला अडचण नाही, कारण हाड वरवर आहे आणि दाबता येतं. तो रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल किंवा घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल, तर मात्र आधी सांगा. सुईच्या जागेवर बांधलेली पट्टी दिवसभर कोरडी ठेवा. दोन-चार दिवस जागा ठणकेल, त्याला पॅरासिटामॉल पुरे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. पट्टी भिजून रक्त आलं किंवा जागा लाल होऊन सुजली, तर तडक जा.

यापुढचा भाग माझ्या, म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या, कामाचा, त्यामुळे मी थोडी जास्त बोलणार आहे. मज्जेतले बारीक कण काचेवर पसरून गिम्सा किंवा लिशमन रंगाने रंगवतात. हा लिशमन म्हणजे तोच विल्यम लिशमन. कलकत्त्याजवळच्या डमडमहून परतलेल्या आणि तापाने दगावलेल्या सैनिकाच्या प्लीहेत त्याला हे कण दिसले, ते त्याने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हनने तेच पाहिलं. म्हणून आजही आमच्या रिपोर्टात ‘एलडी बॉडीज’ असं लिहिलं जातं. तेलाच्या शंभरपटीच्या भिंगाखाली ते दोन ते चार मायक्रॉनचे गोल-लांबट ठिपके दिसतात. लाल रक्तपेशी साधारण सात मायक्रॉनची असते, यावरून आकाराचा अंदाज येईल. प्रत्येक ठिपक्यात दोन गडद खुणा हव्यात: एक मोठं गोल केंद्रक आणि शेजारी इवलीशी काडी, तिला कायनेटोप्लास्ट म्हणतात. ही काडी दिसल्याशिवाय मी ‘एलडी बॉडीज’ लिहीत नाही. हे परजीवी ज्या भक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशींत बसतात, त्यांच्यातच हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी जवळजवळ याच आकारात बसलेली असते, पण तिच्यात ती काडी नसते. एखाद्या पेशीवर प्लेटलेट येऊन बसली किंवा रंगाचा कण चिकटला तरी नवख्या नजरेला चकवा बसतो.

परजीवी विपुल असतील तर एकेका भक्षक पेशीत डझनावारी दिसतात आणि दोन मिनिटांत निदान होतं. विरळ असतील तर भिंगाखाली एका वेळी दिसणारी अशी कमीत कमी हजार क्षेत्रं बघायची पद्धत आहे. त्याला वेळ लागतो, आणि खरं सांगायचं तर तो वेळ तेव्हाच दिला जातो जेव्हा बघणाऱ्याला काय शोधायचंय हे माहीत असतं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फॉर्मवर एकच शब्द असतो: पॅन्सायटोपेनिया, म्हणजे तिन्ही पेशी कमी. वय, लिंग, बस. तो रुग्ण कुठून आला, किती दिवस ताप आहे, प्लीहा किती वाढली आहे, काही नाही. मग बघणारा ल्युकेमियाच्या पेशी शोधतो, त्या नाहीत म्हणून लिहितो, आणि काचेच्या कडेला असलेल्या दोन भक्षक पेशी नजरेतून निसटतात. त्यामुळे माझी पहिली सूचना ही: नमुना जाण्याआधी फॉर्म मागून घ्या आणि त्यावर ‘उत्तर बिहारमध्ये वर्षभर वास्तव्य, दोन महिने ताप, प्लीहा वाढलेली, आरके-३९ निगेटिव्ह, काळ्या आजाराचा संशय’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. या एका ओळीने रिपोर्टाची किंमत वाढते.

दुसरी सूचना तपासणीच्या आधीची. नमुना कुठकुठल्या तपासण्यांना जाणार आहे, हे आदल्या दिवशी विचारा. पीसीआरसाठी वेगळी नळी लागते. कल्चर लावायचं तर नमुना निर्जंतुकपणे थेट माध्यमात घालावा लागतो, फॉर्मॅलिनमध्ये पडलेला तुकडा त्या कामाचा राहत नाही. कल्चर सगळीकडे होत नाही आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. पीसीआर जास्त सोयीची. मोठ्या संदर्भ प्रयोगशाळांकडे नमुना पाठवता येतो का, हे तुमचे डॉक्टर विचारू शकतील. पाटण्याची राजेंद्र मेमोरियल संशोधन संस्था याच आजारावर काम करणारी आहे. त्याच नमुन्यातून टीबीचीही तपासणी लावून घ्या. सुई पुन्हा घालावी लागू नये म्हणून हा आधीचा विचार.

रिपोर्टही दोन टप्प्यांत येतो. काचेवरच्या नमुन्याचा निष्कर्ष त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळू शकतो. हाडाच्या तुकड्यातलं कॅल्शियम आधी काढावं लागतं, म्हणून त्याला कित्येक दिवस लागतात. सगळं एकत्र येण्याची वाट न बघता काचेचा निष्कर्ष आधी फोनवर विचारून घ्यायला डॉक्टरांना सांगा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सापडलं तर पुरावा पक्का, वाद संपला. सापडलं नाही तर मघाचे आकडे आठवा: चांगल्यातल्या चांगल्या हातांतही शंभरातल्या चौदा रुग्णांत मॅरो परजीवी दाखवत नाही, कमी सरावाच्या ठिकाणी निम्म्याच्या जवळपास हुकतात. म्हणून निगेटिव्ह मॅरोचा अर्थ ‘आजार नाही’ असा घेऊ नका. ‘या नमुन्यात दिसला नाही’ एवढाच घ्या. मग डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. नमुन्यात मज्जेचे कण पुरेसे होते का, की नुसतं रक्तच आलं? पीसीआर काय म्हणते? आणि मॅरोत दुसरं काही कारण सापडलं का? दुसरं ठोस कारण सापडलं असेल तर वाट स्पष्ट आहे. काहीच सापडलं नाही आणि ताप, प्लीहा तशीच असेल, तर काच दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून बघून घेणं, मॅरो पुन्हा करणं किंवा प्लीहेचा नमुना, असा क्रम लागतो. काच मागून नेण्याचा रुग्णाला हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नाही.

टीबीची गोळी आणि स्टेरॉइड ‘सुरू करून बघू’ या सल्ल्याबद्दल मी स्पष्ट बोलते: मॅरो होण्याआधी स्टेरॉइड नको. काळा आजार असेल तर स्टेरॉइडने ताप चार दिवस उतरेल, सगळे खूश होतील, आणि आत परजीवीला रान मोकळं मिळेल. लिम्फोमा किंवा काही प्रकारचा ल्युकेमिया असेल तर स्टेरॉइडमुळे मॅरोतलं चित्रच बदलतं आणि नंतर निदान अवघड होऊन बसतं. स्टेरॉइड कधी लागतच नाही असं मी म्हणत नाही. या आजारात कधी कधी भक्षक पेशी आपल्याच रक्तपेशी गिळायला लागतात, आणि तिथे डॉक्टर ते विचारपूर्वक देतात. पण तेही मॅरो बघूनच ठरतं. टीबीचा संशय चुकीचा नाही, आपल्याकडे तो धरावाच लागतो. पण पुराव्याशिवाय ती औषधं सुरू केली की ‘गुण येतोय का’ बघण्यात महिना-दीड महिना जातो, आणि त्यातली काही यकृताला आणि प्लेटलेट्सनाही त्रास देतात. रुग्ण इतका अत्यवस्थ असेल की तपासणी शक्यच नाही, तेव्हा डॉक्टर अंदाजाने उपचार करतात आणि ते बरोबरही असतं. तुमचा भाऊ पत्रावरून तरी त्या अवस्थेत दिसत नाही.

एचआयव्हीवरून घरात वाद झाला, कारण कुणीतरी त्याला चारित्र्याचा दाखला समजलं. काळ्या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी करायची पद्धत आहे, तो कोण आहे, कसा वागतो याच्याशी तिचा संबंध नाही. कारण साधं आहे. एचआयव्ही असेल तर आरके-३९ पट्टी जास्त वेळा हुकते, औषधाचा डोस आणि कालावधी बदलतो, आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. पट्टी निगेटिव्ह असूनही संशय कायम आहे, अशा तुमच्या भावाच्या बाबतीत तर ती टाळणं म्हणजे हातातला दुवा फेकून देणं. त्याच्या संमतीने करा. निकाल त्याचा आहे. काकांना कळवायची गरज नाही.

आणि यातूनच तुमचा तिसरा प्रश्न सुटतो. नाही ताई, न सांगता नाही चालणार. संमतिपत्रावर सही त्याची लागते, तो सज्ञान आहे, शुद्धीवर आहे. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी, साध्या रक्ततपासणीला म्हणून गेलेल्या माणसाला पालथं झोपवून कमरेत जाड सुई दिसली तर त्याला काय वाटेल? तुम्हाला वाटतंय की त्याला कळलं तर तो खचेल. मला वाटतं त्याला बरंचसं कळलेलं आहे. अकरा किलो वजन उतरलेल्या माणसाला आपण आजारी असल्याचं सांगायला दुसरं कुणी लागत नाही. आपल्याला बघून घरातले बोलायचं थांबतात, हेही त्याच्या लक्षात आलं असेल. शिवाय तिकडचं सगळं त्यालाच माहीत आहे: तो झोपायचा कुठे, मातीच्या घरात की कंटेनरमध्ये, जवळ गोठा होता का, सोबतच्या कामगारांपैकी कुणाला असा लांबलेला ताप आला होता का. डॉक्टरांना ही माहिती हवी आहे आणि ती त्याच्याशिवाय कुणाकडे नाही. त्याला सांगताना रोगांची यादी वाचू नका. ‘तुझ्या तिन्ही पेशी कमी झाल्यात, कारण कळत नाहीये, काळ्या आजाराचा संशय आहे, कारण शोधायला कमरेच्या हाडातून नमुना घेणार आहेत, थोडा वेळ दुखेल’ इतकं पुरे. ‘कॅन्सर असू शकतो का?’ असं त्याने विचारलं तर ‘तेही बघणार आहेत’ म्हणा.

काळा आजार निघाला तर पुढचा रस्ता तुम्ही कल्पना करताय त्यापेक्षा खूप छोटा आहे. आपल्याकडे सर्वसाधारण रुग्णाला लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध शिरेतून, किलोमागे १० मिलिग्रॅम या हिशोबाने, एकाच दिवशी देतात. सरकारी कार्यक्रमात ते मोफत आहे, म्हणून निदान झालं की जिल्ह्याच्या हिवताप अधिकाऱ्यांशी संपर्क साधायला डॉक्टरांना सांगा. बरं झालं का हे बघायला पुन्हा मॅरो सहसा लागत नाही. ताप जातो, भूक येते, प्लीहा हळूहळू आक्रसते, हिमोग्लोबिन चढतं, त्यावरून कळतं. सहा महिन्यांनी आणि वर्षाने दाखवणं मात्र चुकवू नका. पट्टी कुतूहल म्हणूनही परत करू नका, ती पॉझिटिव्ह येऊन उगाच घाबरवेल. आपल्या भागात बरे झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांना काही महिन्यांनी-वर्षांनी चेहऱ्यावर, अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी येतात. त्यांना खाज नसते, संवेदना शाबूत असते, आणि लोक ते कोड किंवा कुष्ठरोग समजून लपवतात. त्यावर उपचार आहेत, आणि ते घ्यावेतच, कारण त्या चट्ट्यांतूनही वालुमाशीमार्फत आजार पुढे जाऊ शकतो.

तपासणीच्या वेळी जवळ थांबू देतील का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. आधी भावाला विचारा, त्याला ते हवंय का. हवं असेल तर डॉक्टरांना सांगा. काही ठिकाणी एका नातेवाइकाला डोक्याच्या बाजूला उभं राहू देतात, निर्जंतुक कापडाला हात न लावण्याच्या अटीवर. सुई बघून तुम्हालाच चक्कर येत असेल तर बाहेर थांबा आणि फॉर्मवरची ती ओळ लिहिली गेली आहे का, ते तेवढ्यात तपासा.